तोंडात गार्ड, जिभेवर कबड्डी

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी अजूनही चाचरतो. दातांचं काम करतो म्हटलं की समोरचा माणूस तिथल्या तिथं आ करून दाढ दाखवतो. अहो, मी डॉक्टर नाही! मी लॅबवाला. डॉक्टर माणसाच्या तोंडात हात घालतात, मी प्लास्टरच्या जबड्यात घालतो. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानावर माझी खोली आहे. खालून दिवसभर गुळाच्या पाकाचा खमंग वास येतो आणि वर बसून मी त्याच चिक्कीनं तुटलेल्या दातांच्या टोप्या करतो. दुकानदार आणि मी, दोघांचंही बरं चाललं आहे.

काम समजायला अवघड नाही. डॉक्टर गुलाबी लगद्यात पेशंटच्या दातांचं माप घेतात. ते माप माझ्याकडे येतं, मी त्यात प्लास्टर ओततो, घट्ट झालं की हुबेहूब जबडा हातात येतो. त्यावर टोपी करायची, कवळी करायची किंवा गार्ड करायचा. गार्ड म्हणजे दातांवर चढवायचं कव्हर. तो दोन जातींचा. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी कडक, म्हणजे माणूस रात्रभर दळण दळू दे, झिजेल तो गार्ड, दात नाही. आणि खेळणाऱ्यांसाठी मऊ, जाड, म्हणजे कुणाचं कोपर लागलं तर दणका त्यानं सोसायचा. इतकी साधी गोष्ट. पण या साध्या गोष्टीनं मला जितकं बुचकळ्यात पाडलं, तितकं आख्ख्या कवळ्यांनी पाडलं नाही.

एक तर लोकांना हे प्रकरण काय आहे तेच उमगत नाही. एका शेतकरी मावशींनी रात्रीचा गार्ड परत आणला, तो आमसुलासारखा आकसलेला. मी म्हटलं, "मावशी, काय केलंत हो याचं?" म्हणाल्या, "काय न्हाई, भाताच्या आदणात टाकला वाईच. सोच्छ नगं व्हायला?" वलवणचे एक निवृत्त गृहस्थ तर रात्रीचा गार्ड दिवसाही घालून बसत. का, तर तोंडात काहीतरी आहे असं दाखवलं की बायकोला उत्तर द्यावं लागत नाही. त्यांच्या गार्डला एवढी झीज कुठून येते, हे शोधताना मी आणि ज्यांचं काम माझ्याकडे येतं त्या डॉक्टर मॅडम, दोघंही चक्रावलो होतो. शेवटी त्यांच्या बायकोनंच येऊन भांडं फोडलं.

पण मला सांगायचंय ते साक्षीचं.

साक्षी कार्ल्याची. आईची हायवेच्या कडेला भजी आणि चहाची टपरी, घरची थोडी भातशेती. पोरगी कॉलेजात शिकायची आणि कबड्डी खेळायची. खेळायची म्हणजे काय, चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपोआप मागं सरकायच्या. सरावात एकदा कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात दुखावला. मॅडमनी त्याचं रूट कॅनल केलं, मी टोपी केली, दिसायला झकास झाला. पण मॅडमनी तिला माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं, "हा दात आता नाजूक आहे. अजून एक दणका बसला, तर मुळासकट जाईल. गार्डशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही."

तिची आई शेजारीच उभी होती. तिनं पुढचं ऐकवलं. "आता दाताला काय झालं, तर खेळ बंद. म्या न्हाई पाठवायची. नीट ऐकून ठेव."

आणि हंगामाच्या शेवटी कार्ल्याच्याच मैदानावर सामने होते. जिल्ह्याच्या संघाची निवड करणारी माणसं ते बघायला येणार होती. साक्षीचं सगळं चित्त त्या सामन्यांकडे लागलं होतं.

मी तिला गार्ड केला. असा तसा नाही, बॉक्सिंगवाल्यांना करतात तसा, जाडजूड, हिरड्यांपर्यंत चढलेला. स्वतःवर खूश होऊन मी तो डबीत घालून दिला. आठवड्याच्या आत साक्षी डबीसकट माझ्या जिन्यात हजर.

"काका, हे घालून मला बाद केलं."

"गार्ड घातला म्हणून? असा कुठला नियम?"

"गार्डला न्हाई ओ. दमाला."

आता जे कबड्डी बघत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणाऱ्यानं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. नुसतं पुटपुटून चालत नाही, पंचांना शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे. दम तुटला की चढाई करणारा बाद. साक्षीनं माझ्यासमोर गार्ड चढवला आणि म्हणून दाखवलं. देवा! तोंडात गरम बटाटा धरून कुणी तक्रार सांगावी, तसं काहीतरी बाहेर आलं. पंचांनी आधी ताकीद दिली, मग शिट्टी मारली. त्यांचं तरी काय चुकलं?

जन्मभर मावळात राहिलो, कबड्डी बघत मोठा झालो, आणि गार्ड करताना माझ्या डोक्यात बॉक्सर! बॉक्सरला बोलायचं नसतं, त्याला मारायचं असतं. आमच्या पोरींना मार चुकवत बोलायचं असतं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी कपाळाला हात लावला.

मग मी शहाण्यासारखं वागायला गेलो आणि आणखी फसलो. जाड आहे म्हणून अडतंय ना, मग पातळ करू. पुढून तासून तासून मी तो गार्ड कागदासारखा केला. साक्षीनं घातला, 'कबड्डी' जरा बरं आलं. ती खूश, मी खूश. मॅडमनी तो गार्ड उजेडात धरला मात्र, आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला खिडकीतून खाली चिक्कीच्या कढईत उडी मारावीशी वाटली.

"अहो, दणका जिथं बसणार तिथलाच भाग तुम्ही काढून टाकलात! हा घातला काय आणि न घातला काय!"

खरंच होतं. म्हणजे जाड ठेवला तर पंच बाद करणार. पातळ केला तर दात जाणार, आणि दात गेला की आई घरी बसवणार. दोन्हीकडून पोरीचा खेळ बंदच. मी पार भंजाळून गेलो. हे कुणी लिहून ठेवलेलं असतं तर वाचलं असतं. पुण्यातल्या ओळखीच्या लॅबवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "कबड्डीला कोण गार्ड घालतं रे?"

शेवटी मी स्वतःच्या जबड्याचं माप घेतलं, स्वतःला एक जाड गार्ड केला आणि तो घालून घरात फिरायला लागलो. कबड्डी कबड्डी कबड्डी. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. आमच्या सौभाग्यवती, मंगल, बुद्धविहारातून परत आल्या तेव्हा मी आरशासमोर उभा राहून, तोंडात बोट घालून, "कबड्डी, क-ब-ड्डी" असं करत होतो. मंगल उंबऱ्यातच थांबली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मी गार्ड काढून सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून तिची काळजी आणखीच वाढली. पण बाई मदतीला बसली. मी म्हणायचं आणि तिनं डोळे मिटून ऐकायचं, म्हणजे पंच व्हायचं. "आता नाही कळलं." "आता 'क' कळला." "आता तर काहीच नाही हो, पाणी पिऊन या." तिच्या त्या ऐकण्यातूनच गोष्ट ध्यानात आली. अडत होतं ते शेवटाला. तो 'ड्डी' म्हणताना जीभ वळून वर टाळूला टेकते, आणि टाळूच्या बाजूला मी गार्डचा जाड काठ ठेवला होता. जिभेला टेकायला जागाच नाही! पुढून कितीही तासा, फरक पडला तर जरासाच. दणका बाहेरून बसतो आणि बोलणं आतून होतं. बाहेर जाडी ठेवायची, आतला काठ दातांच्या मानेपाशी, म्हणजे हिरडी सुरू होते तिथं, कापून अगदी पातळ, गुळगुळीत करायचा. मी कात्री घेतली, तिथंच आतला काठ कापला, घासला, पुन्हा चढवला. कबड्डी!

"कळलं!" मंगल टाळी वाजवून ओरडली. शेजारच्या वहिनी खिडकीत येऊन काय झालं म्हणून विचारू लागल्या.

तसाच नवा गार्ड साक्षीला करून दिला. मॅडमनी बोटांनी चाचपला, पुढची जाडी बघितली, हो म्हणाल्या. वाटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटतोय? थोड्याच दिवसांत साक्षी पुन्हा जिन्यात. गार्ड हातात घेतला आणि मी खुर्चीतच मागं रेललो. पुढचा भाग कोरा करकरीत, आणि दाढांवर मात्र भोकं पडलेली, पार आरपार. खेळाचा गार्ड असा झिजत नाही. रोज तासभर सराव करून असली झीज येणारच नाही. ही झीज झोपेत दात खाणाऱ्याची. मी तो गार्ड उलटा केला, सुलटा केला, प्लास्टरवर चढवून बघितला. गार्ड तिचाच. मग हा खातंय कोण?

"साक्षी, तू झोपेत दात खातेस का गं?"

"मला काय म्हाईत काका? मी झोपलेली असते."

हेही बरोबरच. शेवटी मी सरळ कार्ल्याला गेलो आणि टपरीवर तिच्या आईला गाठलं. भजी तळता तळता ती सांगायला लागली. "आवो, दिसभर त्वांडातच असतोय तो. शेण काढताना कबड्डी, भांडी घासताना कबड्डी, कालिजला यष्टीत बसली तरी ववठ हालतातच. म्हनती, जिभंला सवं लागाया पायजे. निजती ती बी तो घालूनच. आन निजल्यावर कराकरा चावती. माजी तर झोपच गेली. सपनात बी चढाईच करत आसंल, दुसरं काय?"

मी हसावं की काय करावं, मला कळेना. इकडे मी आतल्या काठाला धरून बसलो होतो, आणि तिकडे ही पोरगी दिवसरात्र जिभेला शिकवत होती. शब्द सुधारला तो माझ्या कात्रीनं की तिच्या हट्टानं? मला आजही सांगता येत नाही. मॅडमनी मग तिला दोन गार्ड ठरवून दिले. रात्रीचा कडक, मैदानाचा मऊ, आणि शेण काढताना काहीही नाही. मी दोन्ही केले. खेळाचा आहे तो निळा केला, म्हणजे झोपेच्या गडबडीत चुकायला नको.

सामन्यांच्या दिवशी मी लॅबला कुलूप लावून कार्ल्याला गेलो. खरं सांगायचं तर माझा जीव टांगणीला लागला होता. मैदानावर पाणी मारून ठेवलेलं, लाउडस्पीकरचा कलकलाट, कडेला निवड करणारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली. समोर नवलाख उंबरे गावचा संघ. मी रेषेला चिकटून उभा राहिलो. एकदा तर इतका पुढं गेलो की पंचांनी मला हाकललं.

साक्षीची पहिली चढाई. निळा गार्ड चमकला. मी श्वास रोखून धरला आणि ऐकत राहिलो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. स्वच्छ! पंचांची शिट्टी गप्प. मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून म्हटलं, "ऐकलंत? 'ड्डी' ऐकलात?" तो माणूस जरा लांब जाऊन उभा राहिला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी शेवटी साक्षी चढाईला गेली आणि उंबऱ्याच्या संघातल्या, कोपरा सांभाळणाऱ्या पोरीनं तिची कंबर धरली. प्रणाली तिचं नाव, ते मला नंतर कळलं. शिडशिडीत पोर, पण पकड अशी की सुटू नये. दोघी पडल्या. पडता पडता दोघींची तोंडं एकमेकींवर आपटली, आणि तो आवाज मला रेषेवर ऐकू आला. गेला दात, म्हटलं, गेला आपला दात! पण त्या ढिगाऱ्यातून आवाज येतच होता. कबड्डी, कबड्डी. साक्षीनं हात ताणला, मध्यरेषेला बोट लागलं आणि शिट्टी झाली. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मीही ओरडत होतो, नाचत होतो म्हणा ना. या वयात!

साक्षी उठली. गार्ड काढला, जीभ दातांवरून फिरवली, माझ्याकडे बघून हसली. सगळे दात जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला.

मग मला दिसलं, प्रणाली उठलीच नव्हती. गुडघ्यांवर बसून तिनं ओंजळ तोंडाला लावली होती आणि बोटांतून रक्त गळत होतं. साक्षीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच मावळलं. ती मागं वळून तिच्याशेजारी बसली आणि ओरडली, "काका! काका, दात पडलाय!"

मी धावलो. ओल्या मातीत चाचपून चाचपून शोधला. वरचा पुढचा दात, अख्खा, मुळासकट. एवढं मला धंद्यामुळे ठाऊक होतं, की असा दात मुळाला हात न लावता उचलायचा, घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि ताबडतोब डॉक्टरकडे पळायचं. लवकर पोचलं तर तो परत बसू शकतो. "दूध आणा कुणीतरी!" मी ओरडलो. साक्षीची आई टपरीवरून पेला घेऊन पळत आली. "हे घ्या, साखर न्हाई घातल्याली. गार हाय." मी दात त्या पेल्यात सोडला.

मैदानावरच्याच कुणाच्या तरी जीपमध्ये प्रणाली पुढं बसली, तोंडाला पंचा लावून. साक्षी मागं माझ्याशेजारी, मांडीवर तो पेला, त्यावर हाताचं झाकण. गाडी सुरू झाली आणि मागून लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं. जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काका, गाडी हळू घ्यायला सांगा, दूध सांडतंय." आणि लगेच, "नको नको, जोरात घ्या." तिलाही काय करावं ते समजत नव्हतं.

दवाखान्यात मॅडमनी दात परत बसवला, शेजारच्या दातांना बांधला आणि म्हणाल्या, "धरेल की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. वाट बघायची." बाहेर बाकावर आम्ही बसलो. तेवढ्यात प्रणालीचे वडील आले. अंगावर कंपनीचा शर्ट, शिफ्ट सोडून आलेले, धाप लागलेली. लेकीला बघून आले, मग साक्षीच्या हातातल्या निळ्या गार्डकडे त्यांचं लक्ष गेलं. "ह्ये काय?" म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगायला लागलो. माझा काय स्वभाव, विचारलं की सांगतच सुटतो. जाडी, टाळूचा काठ, आरसा, मंगल, सगळं. हा घातला होता म्हणून हिचा दात वाचला, असंही बोलून गेलो.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"ह्या पोरीला लागू नये म्हनून तुमी येवडं केलंत, भाऊ. लय चांगलं केलंत. मग आमच्या पोरीला का न्हाई केला?"

"मला ती माहीतच नव्हती हो," मी म्हटलं. "त्या बाजूला कोण खेळतंय, ते..."

"आवो, कबड्डी हाय ती. समोर कुनीतरी असनारच की."

जाडीचा विचार केला होता, काठाचा केला होता, पंचांच्या कानांचा केला होता. माझ्या बायकोचे कान पंचांचे कान करून बघितले होते. पण जो दणका साक्षीला बसू नये म्हणून मी इतकं जिवाचं रान केलं, तो दणका दुसऱ्या बाजूनं कुणाच्या तरी तोंडावरच बसणार, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? साक्षी खाली मान घालून गार्ड मुठीत घट्ट दाबत होती.

प्रणालीचा दात धरला. दात घट्ट झाल्यावर तिचे वडीलच तिला घेऊन माझा जिना चढले. मी तिला गार्ड केला, हिरवा. तिची जीभ साक्षीपेक्षा जाड, म्हणून आतला काठ आणखी कमी करावा लागला. मंगलला खास बोलावून घेतलं, डोळे मिटून ऐकायला बसवलं. "कळलं," ती म्हणाली.

परवा त्या दोघी पुन्हा समोरासमोर खेळल्या. मी नेहमीप्रमाणे कुलूप लावून गेलो, पण कुठल्या बाजूला उभं राहावं तेच कळेना, म्हणून मध्यरेषेपाशी थांबलो आणि पंचांनी पुन्हा हाकललं. निळा आला की माझा जीव हिरव्यासाठी वरखाली, हिरवा गेला की निळ्यासाठी. पकड झाली की मी डोळे मिटून घ्यायचो आणि उठल्यावर दोघींचे दात बघायचो. ओरडायला काही सुचलंच नाही. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, तुमी कुनाकडनं?" मी बोटानं मध्यरेषा दाखवली.

घरी आलो तर मंगलनं पाणी पुढं केलं आणि विचारलं, "मग? जिंकलं कोण?"

मला खरंच सांगता येईना.